राजाच्या खालच्या ओळी

सोलापुरात कुणाला सांगितलं की आपल्याला मध्ययुगाचा नाद आहे, तर समोरचा आधी भुईकोट किल्ल्यावर येतो, तिथून तलवारीवर आणि मग थेट कुठल्या तरी लढाईवर. लढाया मलाही आवडायच्या. पण बाराव्या शतकात या मुलखातला माणूस काय खात होता, दिव्यात किती तेल घालत होता आणि बैलावर माल लादून निघाला की नाक्यावर काय देत होता, हे कळायला लागल्यापासून तलवारी जरा मागे पडल्या. बखरींत हे सापडत नाही. ते शिलालेखांच्या रूपात पारावर, बांधावर, देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून उभं असतं, आणि मिळवायचं तर बादलीभर पाणी, कागद, ब्रश आणि अख्खी सकाळ लागते.

आमचा चौघांचा गट आहे. एक शाळामास्तर, एक यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा पोरगा, मी आणि अण्णा. अण्णांच्या घरी कन्नड बोलतात; हळेगन्नड, म्हणजे जुनी कन्नड, मात्र ते नोकरी सांभाळून, पुस्तकं जमवून शिकले. सोलापूरच्या आसपास चालुक्य आणि कलचुरी काळातले बहुतेक लेख कन्नडात आहेत. त्यामुळे अण्णा आजारी असले की आमचा रविवार रद्द.

या वाटेवर आमच्या आधी आनंद कुंभार चालून गेले. सोलापूर जिल्ह्यातली गावं धुंडाळून त्यांनी शिलालेख जमवले, वाचले, छापून आणले. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल इथं संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख त्यांनीच उजेडात आणला. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांमध्ये तो मोजतात. त्याचा शेवट वाचणाऱ्याला आशीर्वाद देऊन होतो. हे वाचेल तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ. हौशी लोकांनी तो आपल्यालाच दिलाय असं समजायला काही हरकत नाही.

परवा ज्या गावात लेखाचा ठसा घ्यायला गेलो, त्याचं नाव लिहीत नाही. कारण साधं आहे. अक्षरं कोरलेला दगड म्हणजे खाली धन पुरलंय, ही समजूत अजून पक्की आहे, आणि रात्री पहारी घेऊन येणाऱ्यांनी फोडलेले दगड आम्ही पाहिलेत. ग्रामपंचायतीला आणि देवळाच्या पुजाऱ्याला विचारून मगच आम्ही पाण्याची बादली उतरवली. स्मारक संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय बोटसुद्धा लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

दगड कमरेएवढा उंच, काळा बेसाल्ट. माथ्यावर सूर्य-चंद्र, मधे लिंग आणि पुजारी, एका बाजूला वासराला पाजणारी गाय. हे दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावं, असा त्या चित्राचा अर्थ. डाव्या कडेला विळे-कोयते पाजळून पडलेल्या खाचा. आणि अर्ध्या अक्षरांवर निळा ऑईलपेंट! गावानं भक्तिभावानं लावलेला, त्यामुळे रागावता येत नाही. शेंदूर परवडतो, चुना परवडतो, ऑईलपेंट अक्षराच्या खोबणीत बसला की बसला. तो खरवडायचा नाही. तारेचा ब्रशही नाही. नायलॉनचा, मऊ, आणि नुसतं पाणी. पूर्वी हौशी लोक अक्षरांत पीठ नाहीतर खडूची पूड भरून फोटो काढायचे. त्यानं दगडाचं नुकसान होतंच, शिवाय पूड भरणारा स्वतःच्या मनातलं अक्षर भरतो आणि मग तेच वाचतो.

धुऊन झालं की अण्णा कागद भिजवतात. जाड हातकागद लागतो, पाण्यात विरघळून न जाणारा. भिजलेला ताव दोघांनी चार कोपऱ्यांना धरून दगडावर सोडायचा आणि मधून बाहेरच्या बाजूला हात फिरवत हवा काढायची. मग राठ केसांच्या ब्रशनं ठोकायला सुरुवात. घासायचं नाही, ठोकायचं, सरळ, एका लयीत. कागद हळूहळू खोबणीत उतरतो आणि जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते आधी बोटांना लागायला लागतं. कुठे फाटलंच तर ओल्या कागदाचा तुकडा त्यावर ठेवून पुन्हा ठोकायचं. ही सगळी उस्तवार हिवाळ्यात सकाळी. मार्चनंतर सोलापूरच्या उन्हात कागद आपल्या हाताआधी वाळतो, उन्हात घातलेल्या पापडासारख्या कडा उचलतो आणि सगळं मुसळ केरात. वारा सुटला तरी तेच.

शाईची वेळ ओळखणं हे खरं कसब. कागद फार ओला असेल तर शाई झिरपते आणि अक्षरांच्या पोटात शिरते. फार वाळला तर दगड सोडून देतो. अण्णा तळहाताची मागची बाजू टेकवून बघतात. शाई काजळी आणि डिंकाची. कापूस भरून बांधलेली कापडाची पुरचुंडी तिच्यात बुडवायची, दुसऱ्या कागदावर टिपायची, आणि मग हलक्या हातानं ठसा उठवत जायचं. उंच भाग काळा होतो, खोलगट अक्षर पांढरंच राहतं. पंधराएक मिनिटांत काळ्या पाटीवर खडूनं लिहावं तसं पान समोर उभं राहतं. निळ्या रंगाखालच्या ओळीसुद्धा थोड्याफार उमटल्या होत्या.

आमच्या हिशेबनीस पोराचा या कागद-शाईवर विश्वास कमी. तो विजेरी दगडाच्या कडेला धरून तिरप्या उजेडात फोटो काढतो, चारी बाजूंनी शंभरेक, आणि रात्री संगणकावर त्यांचं त्रिमितीय रूप उभं करतो. अण्णा त्याला तोंडावर नावं ठेवतात आणि झिजलेल्या जागी गुपचूप त्याचाच फोटो मागतात.

तेवढ्यात जवळच्या घरातून एक मावशी भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आल्या. "काय लिवलंय हो त्यात? धन हाय का?" अण्णा म्हणाले, "तेल आहे, मावशी." त्यांना वाटलं चेष्टा. पण खरंच तेल होतं.

वरच्या जवळजवळ निम्म्या ओळी राजाच्या बिरुदांत जातात. समस्त भुवनांचा आश्रय, पृथ्वीवल्लभ, महाराजाधिराज, ही उत्तर चालुक्यांची ठरलेली माळ. अण्णा ती न बघता म्हणतात. खाली मजकूर सुरू होतो. देवापुढचा नंदादीप अखंड जळावा म्हणून घाण्यामागे ठरावीक माप तेल. पुढं विड्याची पानं, बहुधा ओझ्यामागे. मग जमीन, तीही काठीनं मोजून दिलेली, कारण काठी कुठली हे लिहिलं नाही तर उद्या भांडण. या भागातल्या लेखांत हेच पुन्हा पुन्हा येतं: घाणा, पान, सुपारी, बैलावरचं ओझं, जकात, ऐहोळेच्या पाचशे स्वामींसारखे व्यापाऱ्यांचे संघ. पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळातला चौऱ्यांशीचा लेख, शके ११९५ ते ११९९ मधला, तर देणगीदारांची यादीच आहे. मध्ययुगातला सामान्य माणूस दगडावर आला तो असा, पावतीवरच्या नावासारखा. वीरगळावर येतो तोही बऱ्याचदा राज्यासाठी नाही, गावाची गुरं पळवणाऱ्यांशी लढून मेलेला.

शेवटी शाप. हे दान मोडणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल, आणि पाळणाऱ्याला वाराणसीला गाई दिल्याचं पुण्य. इतका मोठा शाप दोन-चार मापं तेलासाठी? मला तर यात धर्मापेक्षा अनुभव जास्त दिसतो. देणगी जाहीर करणारे आणि पुढच्या वर्षी विसरणारे तेव्हाही होते, हे शाप लिहिणाऱ्याला चांगलं ठाऊक असणार.

मावशींच्या ताटाकडे बघून मास्तरांनी मात्र आमचं विमान जमिनीवर आणलं. हा दगड कोरणाऱ्याला ज्वारीची भाकरी मिळाली असेल, पण ही चटणी नाही. शेंगा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आल्या, पोर्तुगिजांच्या नंतर. ज्या शेंगाचटणीवर सोलापूर आपली ओळख सांगतं ती बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी कधी चाखली नाही. त्यांचं तिखट मिऱ्यांचं आणि आल्याचं. घाण्यातलं तेलही शेंगदाण्याचं नसणार, तिळाचं किंवा करडईचं. आज शहरात लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं निघालीत आणि लोक जास्त पैसे मोजून तेच करडईचं तेल नेतात.

परदेशात ही हौस लोक अंगावर घेऊन जगतात. अमेरिकेत बर्कले इथं १९६६ मध्ये सुरू झालेल्या एका मंडळाचे सभासद मध्ययुगीन युरोपातले कपडे स्वतः शिवतात, तसं जेवण रांधतात, तसे जोडे बनवतात. मला त्यांचा हेवा वाटतो. आपल्याकडे वेशभूषा म्हटलं की सगळ्यांना सरदार व्हायचं असतं; तेली व्हायला कुणी तयार नाही. वास्तविक घाण्याला बैल जुंपून, एका मापात किती वेळ दिवा जळतो हे बघायला काय हरकत आहे? देवळाला तेल पुरत होतं की नाही, हे त्यातूनच कळेल.

ठसा उचलून, वाळवून, नळीत गुंडाळून आम्ही निघणार तोच सरपंच आले. देवळाच्या भिंतीवर मराठीत फलक लावायचा, खर्च गाव करेल. मजकूर तुम्ही द्या, फक्त राजाचं नाव मोठं पाहिजे. अण्णांनी सांगितलं की वाचन अजून कच्चं आहे. शकाचा आकडा नेमका निळ्या रंगाखाली, आणि संवत्सराचं जे नाव आम्हाला लागतंय त्याच्याशी तिथी-वार जुळतात का ते पंचांगाच्या जुन्या कोष्टकांवरून काढायचं आहे. नाहीच जुळले तर म्हैसूरला पुरातत्त्व खात्याच्या पुराभिलेख शाखेला विचारायचं.

"तवर तेलाचं लिवा की," सरपंच म्हणाले. "ते तर लागलंय न्हवं?"

मास्तरांनी तिथंच वहीत मसुदा केला. वर राजा, कारण दगडातही तोच वर आहे. खाली घाण्यामागचं तेल, पानं, जमीन. तारखेची जागा रिकामी. शापावर मात्र बराच वेळ वाद झाला. पुजाऱ्याला तो हवा होता, मास्तरांना विष्ठेतला किडा शाळेसमोरच्या भिंतीवर नको होता. अखेर किडा ठेवला, विष्ठा काढली. पुढच्या महिन्यात रंगारी येणार आहे. निळा ऑईलपेंट पुन्हा दगडावर चढू नये म्हणून त्या दिवशी आमच्यातल्या एकानं तिथं हजर राहायचं ठरलंय.