भोर-वेल्ह्याचा प्रवासी आणि वेगवान रेल्वे

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आताचा राजगड) हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कुशीतले. भाटघर आणि नीरा-देवघर धरणांचे पाणी येथून दूरवर जाते. रेल्वेचा रूळ मात्र येथे पोहोचलेला नाही. मुंबईकडून चढणाऱ्या बोरघाटाला इंग्रजी लिखाणात 'भोर घाट' असे नाव पडले, एवढाच काय तो भोरचा रेल्वेशी ऐकीव संबंध. अशा भागातील प्रवाशाला नव्या वेगवान गाडीचा उपयोग किती, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

मुंबई-पुणे-सोलापूर मार्गावर 'वंदे भारत' एक्स्प्रेस १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये धावू लागली. तेथे ३७ मीटर अंतरात १ मीटर असा चढ आहे. इंजिनाने ओढायच्या गाडीचा सारा भार त्या इंजिनाच्या चाकांवर पडतो. म्हणून घाट चढताना कर्जतला मागे जादा इंजिने जोडावी लागतात. वंदे भारतला वेगळे इंजिनच नाही. तिच्या निम्म्या डब्यांखाली विजेच्या मोटारी असून ओढण्याची शक्ती गाडीच्या लांबीभर विभागलेली असते. त्यामुळे जादा इंजिनाविना ती घाट चढते आणि स्थानकातून सुटताच झपाट्याने वेग घेते.

तथापि ताशी १६० किलोमीटर धावू शकणाऱ्या या गाडीला मुंबई-सोलापूर हे सुमारे साडेचारशे किलोमीटरचे अंतर तोडण्यास साडेसहा तास लागतात. म्हणजे सरासरी वेग ताशी सत्तर किलोमीटर. गाडी नवी असली तरी घाट आणि वळणे जुनीच आहेत.

पुण्याहून कोल्हापूर व हुबळीकडे जाणाऱ्या वंदे भारत गाड्यांचे उद्घाटन १६ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. त्या जेजुरी-नीरा मार्गाने जातात. भोर तालुक्यात उगम पावणारी नीरा नदी त्या ओलांडतात, परंतु पुणे व सातारा यांच्या दरम्यान थांबत नाहीत. कापूरहोळहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाने दारावरून जाणारा महामार्ग सोडून आधी उत्तरेस पुणे गाठावे, हे व्यवहाराला धरून नाही. दक्षिणेच्या प्रवासाला त्याची भिस्त एस.टी.वरच राहणार.

मुंबईच्या प्रवासाची गोष्ट वेगळी. सोलापूरची गाडी सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकाप्रमाणे ती सकाळी नवानंतर पुण्यात आणि दुपारी मुंबईत पोहोचे. परतताना सायंकाळी सातनंतर पुण्यास येई. भोरहून पहाटेची बस धरणाऱ्यास ती साधते. शिवाय २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रो सुरू झाल्याने, न्यायालयापाशी गाडी बदलून स्वारगेट व पुणे रेल्वे स्थानक ही दोन टोके जोडली गेली आहेत. पूर्वी हे अंतर रिक्षाने वा शहर बसने, गर्दीतून काटावे लागे.

खरी अडचण परतीची. सायंकाळी सातला पुण्यात उतरलेला प्रवासी स्वारगेटला येईतो आठ वाजतात. तेथून भोर गाठता येईल, पण तोरण्याच्या पायथ्याच्या किंवा पानशेतपलीकडच्या वाडीवरच्या माणसाने पुढे काय करावे? रेल्वेने वाचविलेला तास त्याच्या बाबतीत फाट्यावर वाहनाची वाट पाहण्यात जातो. नवा लोहमार्ग टाकण्यापेक्षा, गाडीच्या वेळेशी मेळ घालणारी एक मुक्कामी एस.टी. या डोंगरी गावांना अधिक लवकर मिळू शकेल.