सर्व्हर तिकडे असला म्हणून काय झालं?

“कंपनी अमेरिकेची, सर्व्हर अमेरिकेत. आपल्या कोर्टाला विचारतो कोण?” कॉलेजातला परिसंवाद असो की टीव्हीवरची चर्चा, हे वाक्य कुणी ना कुणी फेकतंच, आणि समोरचे माना डोलावतात. आता ते ऐकून डोकं उठतं.

आधी कायद्याची पुस्तकातली बाजू. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, म्हणजे २००० सालच्या कायद्याचं, कलम ७५ सांगतं की गुन्हा भारताबाहेर घडला आणि करणारा कुठल्याही देशाचा नागरिक असला, तरी त्यात भारतातला संगणक किंवा नेटवर्क गुंतलेलं असेल तर हा कायदा लागू होतो. त्यात सर्व्हर कुठल्या गावी आहे याला फारशी किंमत नाही. तेव्हा “लागूच होत नाही” हे विधान पंचवीस वर्षं शिळं आहे. खरा प्रश्न पुढचा: लागू होतो, पण परदेशी कंपनीला वठणीवर कसं आणायचं?

त्यासाठी ब्राझीलचं प्रकरण बघण्यासारखं आहे. २०२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अलेक्झांड्री द मोराइस आणि एक्सचे मालक इलॉन मस्क यांची चांगलीच जुंपली. न्यायालय काही खाती बंद करायला सांगत होतं, एक्स ऐकत नव्हतं. १७ ऑगस्टला एक्सने, आपल्या प्रतिनिधीला अटकेची धमकी मिळाल्याचं सांगत, ब्राझीलमधलं कार्यालयच गुंडाळलं. आता नोटीस बजावणार कुणावर? न्यायालयाने ती एक्सवरच टाकली, मस्क यांच्या खात्याचा उल्लेख करून: २४ तासांत देशात प्रतिनिधी नेमा. तो नेमला नाही, आणि ३० ऑगस्टला देशभर एक्स बंद करण्याचा आदेश निघाला.

हा आदेश कॅलिफोर्नियाच्या कंपनीने पाळायचा नव्हताच. तो होता ब्राझीलमधल्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना, आणि त्यांचे परवाने ब्राझीलच्याच हातात. त्यांतल्याच एकीने, मस्क यांच्या उपग्रह-इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकने, आधी आढेवेढे घेतले, मग तिनेही मुकाट्याने एक्स बंद केलं. दरम्यान दंडापोटी स्टारलिंकची ब्राझीलमधली बँक खाती गोठवली गेली होती. एक्स आणि स्टारलिंक या दोघांच्या खात्यांतून मिळून सुमारे १ कोटी ८३ लाख रेआल (ब्राझीलचं चलन) सरकारी तिजोरीत वळवले गेले. एकीचा दंड दुसरीकडून वसूल करणं मलाही खटकतं, आणि तिथल्या वकिलांतही त्यावर वाद झाला. पण पैसे वसूल झाले.

अखेर एक्सने प्रतिनिधी नेमला, खाती बंद केली, उरलेला दंड भरला. तोही आधी भलत्याच बँकेत भरला, म्हणून न्यायाधीशांनी तो योग्य बँकेत येईपर्यंत कुलूप काढलं नाही. एकूण २ कोटी ८६ लाख रेआल मोजल्यावर ८ ऑक्टोबरला परवानगी मिळाली. या सगळ्यात अमेरिकेतल्या सर्व्हरला कुणी हात लावला नाही. लावायची गरजच पडली नाही. कंपनीला त्या देशातले गिऱ्हाईक हवे होते आणि तिचे पैसे त्या देशातल्या बँकेत होते, एवढं पुरलं. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास लाखांवर वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना भारतात राहणारा अनुपालन अधिकारी नेमायला लावलं, तेही याचसाठी.

म्हणून “सरकारला हवं ते करता येतं” असंही नाही. ही दुसऱ्या टोकाची भाबडी समजूत. इंटरनेटवरचे चेहरे गोळा करून त्यांचा शोधसाठा बनवणाऱ्या न्यूयॉर्कच्या क्लिअरव्ह्यू एआयला इटली, ग्रीस आणि फ्रान्सने २०२२ मध्ये प्रत्येकी २ कोटी युरोंचा दंड ठोठावला, नेदरलँड्सने २०२४ मध्ये ३ कोटी ५ लाखांचा. कंपनीचं म्हणणं, आमचं तिथे ना कार्यालय, ना गिऱ्हाईक. अशा कंपनीकडून वसुली करायची कशी? डच नियामकाने मग संचालकांनाच व्यक्तिशः जबाबदार धरता येईल का, हे तपासायला घेतलं. जिचं देशात काहीच अडकलेलं नाही, तिच्यापुढे कायद्याचे हात खरोखर आखूड पडतात.

परदेशातला निकाल अमेरिकेत आपोआप चालतो, हाही भ्रमच. बदनामीचा परदेशी निकाल तिथल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसत नसेल तर तो अमलात आणू नये, असा कायदाच अमेरिकेने २०१० मध्ये केला. व्हीपीएन लावलं की सुटलो, असं वाटणाऱ्यांनी ब्राझीलचा तोच आदेश वाचावा: आडवाटेने एक्स वापरणाऱ्याला दिवसाला ५० हजार रेआल दंड. “अटी मान्य करताना कॅलिफोर्नियाचा कायदा मान्य केलाय” हा मुद्दा तुम्ही आणि कंपनी यांच्यातला. सरकार त्या करारात पक्षकार नसतं.

आणि “मालकाला काही होत नाही” म्हणणाऱ्यांसाठी: कोस्टा रिकातून अमेरिकनांना ऑनलाइन सट्टा खेळवणाऱ्या बेटऑनस्पोर्ट्सचे प्रमुख डेव्हिड करदर्स २००६ साली ब्रिटनहून कोस्टा रिकाला जाताना फक्त विमान बदलायला टेक्ससमध्ये उतरले. तिथेच अटक झाली, पुढे त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २०१० मध्ये ३३ महिन्यांची कैद सुनावली गेली.