गिरडच्या टेकडीवरची दगडी जायफळं

वर्धा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड हे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही इथे नवस बोलायला आणि फेडायला येतात. सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही ही टेकडी चढलो, ती इथले दगड पाहायला.

हे दगड गोल किंवा लांबट असतात. कुणी सुपारीएवढा, कुणी जायफळाएवढा, तर कुणी त्याहून मोठा. त्यांची गोष्ट मुलांना आमच्याआधीच ठाऊक होती. दोन व्यापारी बैलांच्या पाठीवर माल लादून टेकडीजवळून चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली आणि सगळ्या मालाचे दगड झाले. व्यापारी शरण आले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. हे पाहून ते दोघं कायमचे बाबांच्या सेवेत राहिले. माल कुणाच्या गोष्टीत जायफळांचा असतो, कुणाच्या सुपाऱ्यांचा, कुणाच्या नारळांचा.

टेकडीवर एका मुलीनं विचारलं, “मग ही खरंच जायफळं होती का?” आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, “हे कशावरून ठरवता येईल?” थोड्या चर्चेनंतर मुलांनीच मार्ग काढला: आत काय आहे ते पाहायचं.

जायफळ कापलं तर आत पांढरट-तपकिरी रेषांची नक्षी दिसते. नारळाला तीन डोळे असतात, वर काथ्या असतो. फळाचा दगड झाला असेल तर यातलं काहीतरी आत सापडायला हवं. दर्ग्याच्या परिसरातले दगड फोडणं किंवा उचलून आणणं आम्हाला योग्य वाटलं नाही. त्याची गरजही नव्हती. असे गोटे काळ्या पाषाणाच्या प्रदेशात विहिरीच्या खोदकामातून निघतात, रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगातही मिळतात. गावी परतल्यावर तसे काही गोटे फोडून पाहिले. ना नक्षी, ना काथ्या. एकात कांद्यासारखी एकात एक वलयं होती. दुसरा मध्ये पोकळ होता आणि त्याच्या भिंतींवर चकाकणारे स्फटिक उगवलेले होते. सगळ्यांची टोकं आतल्या बाजूला वळलेली.

हाच मोठा पुरावा आहे. स्फटिक आतल्या दिशेनं वाढले, म्हणजे आधी तिथे पोकळी होती. ती आली कुठून?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडून पसरत होता. त्याचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. लाव्हारसात वायू विरघळलेले असतात. सोडावॉटरची बाटली उघडल्यावर बुडबुडे येतात, तसे लाव्हा वर आल्यावर त्यातही बुडबुडे सुटले. वर जाता जाता लाव्हा थिजला आणि बुडबुडे त्यात अडकले. पुढे प्रदीर्घ काळ खडकात पाणी झिरपत राहिलं. त्यात विरघळलेली खनिजं पोकळ्यांच्या भिंतींवर थराथरानं बसली. कुठे गारेच्या जातीची, कुठे कॅल्साइट, कुठे झिओलाइट. नंतर ऊन-पावसानं खडक झिजून त्याची माती झाली आणि आतले गोटे सुटे झाले. म्हणजे गोट्याचा आकार हा त्या जुन्या बुडबुड्याचा आकार आहे. गंमत म्हणजे भूवैज्ञानिकांनाही हे गोटे पाहून सुकामेवाच आठवला! त्यांनी ठेवलेलं ‘अमिग्डेल’ हे नाव बदामाच्या ग्रीक नावावरून आलं आहे.

फळांचे दगड होतच नाहीत असं मात्र मुलांना सांगू नये. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान इथे लाव्हाच्या थरांमधल्या गाळात निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाची अश्मीभूत फळं सापडली आहेत. तिथल्या अवशेषांचा बिरबल साहनी यांनी १९३०च्या दशकात अभ्यास केला. अशा अश्मात फळाची आतली रचना टिकून असते, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशीसुद्धा दिसतात. बाहेरून सारख्या वाटणाऱ्या दोन दगडांमधला फरक असा आत कळतो.

वर्गात करण्याजोग्या तीन परीक्षा अशा. गोट्यानं काचेवर ओरखडा उठला तर तो बहुधा गारेच्या जातीचा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबानं फसफसला तर कॅल्साइट. तिसरीसाठी गोट्याची पूड उन्हात वाळवून परीक्षानळीत तापवा (हे शिक्षकांनीच करावं, चश्मा लावून). झिओलाइट असेल तर नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात. हे पाणी स्फटिकाच्या सूक्ष्म पोकळ्यांतलं असतं. स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी १७५६ मध्ये तापवताना ‘उकळणारा’ हा दगड पाहिला आणि त्याला ‘झिओलाइट’, म्हणजे उकळता दगड, हे नाव दिलं.

इतिहासाच्या तासालाही गिरड उपयोगी पडतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये बाबा १२४४ साली इथे आल्याची परंपरा नोंदली आहे. तेव्हा देवगिरीवर यादवांचं राज्य होतं आणि अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीला (१२९६) अजून अर्धं शतक अवकाश होता. पण ही नोंद सहाशेहून अधिक वर्षांनंतरची. शिवाय ज्यांना आपण बाबा फरीद म्हणून ओळखतो, त्या चिश्ती संतांची कबर पाकपट्टणला, आजच्या पाकिस्तानात आहे. तेव्हा १२४४ हा आकडा ‘असं मानतात’ म्हणून फळ्यावर लिहावा.

“म्हणजे बाबांची गोष्ट खोटी?” हा प्रश्न येणारच. आम्हालाही तो आला. आम्ही मुलांना म्हटलं, दगड कसे झाले ते दगडाला विचारू, आणि गोष्ट काय सांगते ते गोष्टीला. मग मुलांनीच यादी केली. या वाटेनं बैलांचे तांडे जात असावेत. लांबून येणारं जायफळ मोलाचं असावं. फकिराची थट्टा करू नये असं लोकांना वाटत असावं. आणि हे दगड इतर दगडांपेक्षा वेगळे आहेत, हे कुणाच्या तरी नजरेनं फार पूर्वीच टिपलं होतं.

शेवटचा मुद्दा त्याच मुलीनं सांगितला होता. पुढच्या सोमवारी तिनं घराशेजारच्या खडीतून ओंजळभर गोटे आणले. आम्ही काही सांगायच्या आत ती ते काचेवर घासून पाहत होती.