ओळखचोरी आणि डेटा संरक्षण कायदा : समज आणि वस्तुस्थिती

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. नियम निघाले म्हणजे कायदा पूर्णपणे लागू झाला, असे अनेकांना वाटते. पण तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेची कलमे लगेच लागू झाली. ग्राहकाला ज्यांचा खरा उपयोग, त्या तरतुदी अधिसूचनेप्रमाणे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये सुरू होतील. संमती घेण्याचे बंधन, आपली माहिती दुरुस्त करून किंवा खोडून घेण्याचा हक्क आणि माहिती फुटल्यास ग्राहकाला कळवण्याची सक्ती या त्यांतल्या मुख्य. संमतीची सूचना मराठीतही वाचायला मिळण्याची सोय कंपनीला करावी लागेल, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे ठेवावे लागेल.

खासगीपणाचा हक्क या कायद्याने दिला, हा समजही चुकीचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात तो मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. मूळचे नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे त्या पीठावर होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. २०१५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवणाऱ्या तीन न्यायमूर्तींमध्येही ते होते. हक्क संविधानाने दिला आहे. नवा कायदा तो वापरण्याची रीत ठरवतो.

सर्वाधिक गोंधळ आधारच्या झेरॉक्सबाबत आहे. नागपूरच्या नंदनवनसारख्या वस्तीत महाविद्यालयांमुळे भाड्याच्या खोल्या पुष्कळ; घरमालक, मेसचालक, सिमकार्ड विक्रेता असे सगळेच आधारची प्रत मागतात. नवा कायदा या प्रतींनाही संरक्षण देईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तो फक्त डिजिटल स्वरूपात घेतलेल्या किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. फाइलीत पडून राहिलेला कागद त्याच्या कक्षेबाहेर आहे. त्याचाच फोटो काढून संगणकात साठवला तर तो कक्षेत येतो, मात्र निव्वळ घरगुती कामासाठीचा वापर वगळून. म्हणून जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे. सोयीसाठी पूर्ण प्रत देण्याची सवय खरोखरच घातक आहे.

याउलट, आधार क्रमांक कळला की खाते रिकामे होते, ही भीती अवाजवी आहे. आधारच्या आधारे पैसे काढायला बोटाच्या ठशासारखी पडताळणी लागते. धोका आहे तो ठशांची नक्कल होण्याचा, आणि त्यावर ‘एमआधार’ ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येते. झेरॉक्सचा गैरवापर मुख्यतः दुसऱ्याच्या नावावर सिम घेण्यासाठी किंवा कर्ज काढण्यासाठी होतो. आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत, हे ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येते आणि अनोळखी क्रमांकाची तक्रारही तिथेच होते. कर्जाचा छडा पतअहवालात लागतो. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

दुकानात बिल करताना मोबाइल क्रमांक द्यावाच लागतो, हाही गैरसमज. क्रमांकाशिवाय वस्तू किंवा सेवा नाकारू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळवले होते. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायदेशीर आधाराशिवाय दुसऱ्याला देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

ओळखचोरीला भारतात शिक्षाच नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. संगणक किंवा मोबाइलवरून तोतयेगिरी करून फसवल्यास कलम ६६ डी खाली तेवढीच शिक्षा होते. तक्रार फक्त सायबर ठाण्यातच घेतात, असेही नाही. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असो, नंदनवन पोलीस ठाण्यालाही त्याची खबर नोंदवून घ्यावी लागते.

खात्यातून गेलेल्या पैशाबाबत मात्र वेळच सर्वस्व आहे. १९३० या सायबर फसवणूक मदतक्रमांकावर लगेच फोन केला, तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात, बँकेकडून सूचना मिळाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर तोटा पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, त्यानंतरचा बँकेचा.

शेवटचा गैरसमज भरपाईचा. नव्या कायद्यात माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हे पैसे माहिती फुटलेल्या ग्राहकाला मिळत नाहीत, ते भारताच्या संचित निधीत जमा होतात. भरपाईची वाट आज माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ ए ने ठेवली आहे. संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपनीविरुद्ध राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे दाद मागता येते. याच कायद्याखाली २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सचिवांनी पुण्यातील एका फसवल्या गेलेल्या कंपनीला बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला होता. नवा कायदा पूर्ण लागू होताच कलम ४३ ए रद्द होणार आहे. ग्राहकाच्या हातातले एक हत्यार काढून घ्यायचे आणि बदल्यात वैयक्तिक भरपाईची सोय ठेवायची नाही, ही या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव आहे. मे २०२७ आधी संसदेने ती दुरुस्त करायला हवी.