चिठ्ठीत निघालेली मुलं

वाया चाललेल्या पोराचं काय करावं, याचं उत्तर आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात तयार असतं. ‘दोन कानाखाली ठेवून द्या, सुतासारखा सरळ येईल,’ हे एक. ‘आईबापांना वेळ कुठे आहे हो, मायेनं समजवा,’ हे दुसरं. ‘एकदा तुरुंग दाखवून आणा,’ हे तिसरं. उत्तरं देणाऱ्यांना एकच प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: हे तुम्हाला कळलं कसं? गेल्या पन्नास-साठ वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हा प्रश्न लावून धरला आणि उनाड म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलांबद्दलचे बरेच समज उलटेपालटे झाले.

चांगुलपणाची परीक्षा

त्याची सुरुवात अर्थशास्त्राच्या बाहेर, एका डॉक्टरच्या कल्पनेतून झाली. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सोमरव्हिल या कामगारवस्तीच्या गावांत १९३९मध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी एक प्रकल्प उभा केला. ५०६ मुलं निवडली. वय, घरची परिस्थिती, स्वभाव पाहून त्यांच्या जोड्या लावल्या आणि नाणेफेक करून प्रत्येक जोडीतला एक मुलगा प्रकल्पात घेतला, दुसरा होता तसा राहू दिला. घेतलेल्यांच्या घरी समाजसेवक महिन्यातून साधारण दोनदा जात. अभ्यास घेत, दवाखान्यात नेत, उन्हाळ्यात शिबिरांना पाठवत. सरासरी पाच वर्षं हे चाललं.

पुढे जोन मॅकॉर्ड या संशोधिकेनं ही मुलं मध्यमवयीन झाल्यावर त्यांचा शोध घेतला. ज्यांना मदत मिळाली होती, त्यांतल्या बहुसंख्यांनी सांगितलं की प्रकल्पाचा आपल्याला फायदा झाला. पण मॅकॉर्ड यांनी न्यायालयं, इस्पितळं आणि मृत्यूच्या नोंदी नाणेफेकीत मागे राहिलेल्या जोडीदारांशी ताडून पाहिल्या, तेव्हा चित्र वेगळं निघालं. मदत मिळालेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे जास्त होते, दारूच्या आहारी गेलेले जास्त होते, लवकर मेलेले जास्त होते. हा निष्कर्ष १९७८मध्ये छापून आला. कारणांवर अजून वाद आहे. एक अंदाज असा, की टवाळ पोरांना शिबिरात एकत्र ठेवलं की ती एकमेकांकडून शिकतात. नाणं उडवलं नसतं, तर हा प्रकल्प यशस्वी म्हणून गौरवला गेला असता.

कडक उपायाचीही अशीच फजिती झाली. १९७८मध्येच न्यू जर्सीतल्या राह्वे तुरुंगावरचा एक माहितीपट अमेरिकेत गाजला आणि त्याला ऑस्कर मिळालं. जन्मठेपेचे कैदी किशोरवयीन मुलांना समोर बसवून तुरुंगातल्या आयुष्याचं भयंकर वर्णन ऐकवत, अंगावर ओरडत. पोरं रडकुंडीला येत. राज्याराज्यांतून अशा तुरुंगभेटी सुरू झाल्या. नंतर चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा दिसलं की भेट घडवलेल्या मुलांनी भेट न घडवलेल्यांपेक्षा जास्तच गुन्हे केले.

म्हणजे माया आणि धाक, दोघांनीही मार खाल्ला होता.

गुन्ह्याचा जमाखर्च

अर्थशास्त्रज्ञ या आखाड्यात उतरले ते गॅरी बेकर यांच्यामुळे. त्यांनीच सांगितलेली हकिकत अशी: कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला जाताना त्यांना उशीर झाला होता. गाडी वाहनतळावर लावावी, की नियम मोडून रस्त्यातच उभी करावी? पकडलं जाण्याची शक्यता किती, दंड किती, वाचणारा वेळ किती, असा हिशोब त्यांनी मनात मांडला आणि गाडी रस्त्यात लावली. त्या दिवशी दंड झाला नाही. १९६८मध्ये त्यांचा गुन्हा आणि शिक्षेवरचा शोधनिबंध आला, १९९२मध्ये नोबेल. गुन्हा करणारा माणूस जन्मजात वेगळा नसतो. त्याच्यासमोरचे पर्याय वेगळे असतात, हे त्या शोधनिबंधाचं सार.

या हिशोबात शिक्षणाला जागा आहे. शिकलेल्याला बरी मजुरी मिळते, म्हणजे तुरुंगात गेला तर त्याचं नुकसानही मोठं. पण हे सिद्ध कसं करायचं? शाळा सुटलेली मुलं तुरुंगात जास्त दिसतात हे खरं. पण ज्या घरातल्या ओढाताणीनं शाळा सुटली, तिनंच गुन्ह्याकडे ढकललं नसेल कशावरून? कोणाची शाळा चालू ठेवायची आणि कोणाची बंद करायची, याच्या चिठ्ठ्या टाकणं तर माणुसकीला धरून नाही.

इथे सक्तीच्या शिक्षणाचे कायदे उपयोगी पडले. मराठी वाचकाला ही सक्ती नवी नाही: सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये बडोदा संस्थानभर आणि शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापुरात ती आणली होती. अमेरिकेत प्रत्येक राज्यानं किती वयापर्यंत शाळा सक्तीची हे वेगवेगळ्या वर्षी ठरवलं. त्यामुळे एखादा मुलगा जास्त शिकला, तो काही अंशी केवळ कुठल्या राज्यात आणि कुठल्या साली जन्मला म्हणून. तीच त्याची चिठ्ठी. लान्स लॉकनर आणि एन्रिको मोरेट्टी यांनी २००४मध्ये हा धागा पकडून दाखवलं की शाळेचं वाढीव वर्ष तुरुंगवास खरोखर कमी करतं. माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण एका टक्क्यानं वाढलं, तर गुन्ह्यांपायी होणारं वर्षाला सुमारे १४० कोटी डॉलरचं नुकसान टळेल, असा त्यांचा अंदाज होता.

स्वीडननं १९४९पासून नऊ वर्षांची शाळा एकदम न आणता नगरपालिकांतून टप्प्याटप्प्यानं आणली. तिथल्या नोंदींवरून निघालं की शाळेच्या एका जादा वर्षानं मुलांना पुढे शिक्षा होण्याची शक्यता ६.७ टक्क्यांनी आणि तुरुंगात जाण्याची १५.५ टक्क्यांनी घटते.

शाळा नुसती पोरांना कोंडून ठेवते म्हणून गुन्हे घटतात का? ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन यांनी हे तपासलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मुलांना सुटी असते, त्या दिवसांची शाळेच्या दिवसांशी त्यांनी तुलना केली. शाळा भरते त्या दिवशी अल्पवयीन मुलांच्या चोऱ्या आणि मोडतोड सुमारे १४ टक्क्यांनी कमी, पण मारामाऱ्या सुमारे २८ टक्क्यांनी जास्त. रिकामं डोकं हे चोरीचं कारण असेल. मारामारीला मात्र समोर दुसरा लागतो आणि तो शाळेतच भेटतो.

मिशिगनमधली बालवाडी

सर्वांत लांब पल्ल्याचा पुरावा एका बालवाडीतून आला. मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात १९६२मध्ये डेव्हिड वायकार्ट यांनी गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं-मुली निवडली. निम्म्यांच्या आसपास मुलांना रोज सकाळी अडीच तास बालवाडी मिळाली आणि शिक्षिका आठवड्याला एकदा घरी जाऊन आईशी बोलत. बाकीच्यांना यातलं काही नाही. सुरुवातीला बुद्ध्यांक वाढला आणि दोन-चार वर्षांत तो फरक विरूनही गेला. प्रकल्प फसला, असं अनेकांनी मानलं.

पण संशोधकांनी या मुलांची पाठ सोडली नाही. ती चाळिशीला आली, तेव्हा बालवाडी न मिळालेल्यांतले ५५ टक्के लोक पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले होते. मिळालेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होतं. नोबेलविजेते जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खर्चाचा ताळा मांडला: बालवाडीवर घातलेल्या पैशाला वर्षाला ७ ते १० टक्के परतावा, आणि त्यातला मोठा वाटा टळलेल्या गुन्ह्यांचा. वाढलेला बुद्ध्यांक टिकला नव्हता, तर काय टिकलं होतं? धीर धरणं, हातातलं काम संपवणं, राग आवरणं, असं हेकमन यांचं उत्तर आहे.

मूठ उघडायची कशी?

मग बालवाडी चुकलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचं काय? त्याचं उत्तर शोधायला शिकागोला जावं लागतं. जगातलं पहिलं बालन्यायालय १८९९मध्ये याच शहरात स्थापन झालं.

तिथल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा कार्यक्रम चालतो. आठवड्यातून एक तास मुलं समुपदेशकाबरोबर गोल करून बसतात. पहिलाच खेळ असा: दोघादोघांच्या जोड्या करायच्या, एकाच्या हातात चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं की अर्ध्या मिनिटात त्याच्या मुठीतून चेंडू काढून घे. पोरं झोंबतात, बोटं पिरगाळतात, जमिनीवर लोळतात. मग समुपदेशक विचारतो, ‘चेंडू दे, असं म्हणून का नाही पाहिलंस?’ उत्तर येतं, ‘त्यानं मला भित्रा म्हटलं असतं.’ जोडीदाराला विचारलं तर तो खांदे उडवतो: ‘मागितला असता तर दिला असता. साधा चेंडू तर आहे.’

इथे उपदेश नाही. दांडग्या वस्तीत वाढलेल्या मुलाला कोणी डिवचलं तर तो विचार न करता अंगावर जातो. तिथे टिकायचं तर ती सवय कामाची असते. तीच सवय वर्गात शिक्षक ओरडल्यावर उफाळते आणि शाळा सुटते. कार्यक्रम एवढंच शिकवतो की हात उचलण्याआधी क्षणभर थांब, आपण आत्ता कुठे आहोत ते बघ. भारतात जन्मलेले सेंधिल मुल्लैनाथन, जेन्स लुडविग आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून याची दोनदा परीक्षा घेतली. कार्यक्रमाच्या काळात एकूण अटका २८ ते ३५ टक्क्यांनी आणि हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. पहिल्या तुकडीत शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं.

याच शहरात २०१२मध्ये सारा हेलर यांनी १३ शाळांतल्या १,६३४ मुलामुलींचा अभ्यास केला. चिठ्ठीत निघालेल्यांना उन्हाळ्यात आठ आठवड्यांचं काम मिळालं, किमान वेतनावर. पुढच्या सोळा महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. घट प्रामुख्यानं काम संपल्यानंतरची होती. त्यामुळे मुलं कामात गुंतली म्हणून गुन्हे टळले, असंही म्हणता येत नाही.

कोठडीचं गणित

उरला कोठडीचा प्रश्न. ॲना आयझर आणि जोसेफ डॉयल यांनी शिकागोच्या बालन्यायालयातल्या दहा वर्षांच्या नोंदी घेतल्या, ३५ हजारांहून अधिक मुलांच्या. कोणाचा खटला कुठल्या न्यायाधीशासमोर जाईल हे जवळजवळ नशिबावर होतं, आणि काही न्यायाधीश इतरांपेक्षा कडक होते. सारख्याच गुन्ह्यात केवळ न्यायाधीश कडक मिळाला म्हणून आत गेलेल्या मुलांची शाळा पूर्ण होण्याची शक्यता बरीच घटली आणि पुढे मोठेपणी तुरुंगात जाण्याची शक्यता बरीच वाढली. पुढचे गुन्हे रोखावेत म्हणून दिलेल्या कोठडीनं अशा मुलांच्या बाबतीत उलटंच केलं.

फ्लोरिडातल्या नोंदींवरून डेव्हिड ली आणि जस्टिन मॅक्रेरी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अठरावा वाढदिवस उजाडला की तिथे गुन्ह्याची शिक्षा एकदम कडक होते. बेकर यांच्या हिशोबानं त्या दिवसापासून गुन्हे धाडकन उतरायला हवेत. ते जेमतेम हलतात. तरुण मुलगा शिक्षेच्या लांबीचा हिशोब मांडत नाही; त्याला पुढची पाच मिनिटं दिसतात. मुठीच्या खेळाला यश का आलं, ते इथे कळतं. तो खेळ त्या पाच मिनिटांवरच काम करतो.

आपल्या दाराशी

मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४मध्येच आला. दिल्लीतल्या २०१२च्या अत्याचारानंतर देशात संतापाची लाट उसळली आणि २०१५च्या बालन्याय कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर, गुन्हा अतिगंभीर असेल आणि बालन्याय मंडळाला तसं वाटलं, तर प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट मोकळी केली. संताप खरा होता आणि पीडितेला न्याय मिळणं हा वेगळा, स्वतंत्र हक्क आहे. पण कडक शिक्षेच्या भीतीनं सोळा वर्षांची मुलं गुन्ह्यापासून दूर राहतील, हा त्यामागचा दुसरा युक्तिवाद मात्र फ्लोरिडाच्या नोंदींपुढे लंगडा पडतो. त्याच वेळी आपला शिक्षणहक्क कायदा मुलाचा हात चौदाव्या वर्षी सोडतो, म्हणजे ज्या वयात त्याला धरून ठेवण्याचा फायदा दिसतो त्याच्या उंबरठ्यावर.

शिकागोचे आकडे धारावीला किंवा नागपूरच्या एखाद्या वस्तीला जसेच्या तसे लागू होतील, असं कोणी समजू नये. तिथे बंदुका आहेत, वर्णभेदाचा इतिहास आहे. उचलण्यासारखी आहे ती पद्धत, आणि ती आपल्याला परकी नाही. मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाची मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत अशीच परीक्षा घेतली. वस्तीतली तरुण मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास पायाभूत वाचन-गणित शिकवते, त्यानं गुण वाढतात, हे त्यातून दिसलं. २०१९चं नोबेल बॅनर्जी यांना अशाच प्रयोगांसाठी मिळालं.

सरकारी योजना तशाही एका दिवसात राज्यभर पोचत नाहीत. पहिल्या वर्षी कुठले तालुके घ्यायचे हे कुणाच्या तरी वजनावर ठरतं. ते जाहीर सोडतीनं ठरवलं, आणि निघालेल्या व न निघालेल्या तालुक्यांतल्या मुलांची शाळा, रोजगार आणि पोलीस ठाण्यातल्या नोंदी नावं झाकून दहा वर्षं ताडून पाहिल्या, तर जादा खर्च फारसा येणार नाही. धाक बरा की माया, यावर भांडत राहण्यापेक्षा नेमकं काय चालतं ते त्यातून कळेल. आणि जे चालत नाही, ते बंद करण्याचं धैर्यही मिळेल. कॅबट यांच्या प्रकल्पाचा हेतू निर्मळ होता. मुलांचं नुकसान झालं ते मात्र कळलं तीस वर्षं उशिरा.