खुर्ची नसलेला प्रतिनिधी

विलायतेच्या पार्लमेंटात १८३३ पासून गिरण्यांतील मुलांची कैफियत मांडणारे लॉर्ड अ‍ॅश्ली, म्हणजेच पुढचे शाफ्ट्सबरीचे अर्ल, हे जन्माने उमराव आणि लोकशाहीविषयी मनातून साशंक. तरी स्त्रिया व अल्पवयीन मुले यांच्यासाठी दहा तासांचा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले, आणि १८४७ साली तो मंजूर झाला तेव्हा, धान्यावरील जकातीच्या वादात राजीनामा दिलेला असल्यामुळे, ते सभागृहात नव्हते. पुढे मुंबईच्या गिरण्यांचा प्रश्न उमरावांच्या सभेत त्यांनीच काढला. मात्र त्यांच्या करुणेला मँचेस्टरच्या कारखानदारांनी जी साथ दिली, तिच्या मुळाशी मुंबईच्या स्वस्त सुताची धास्तीही होती, हे विसरून चालणार नाही. १८८१ चा कायदा झाला खरा. पण त्याने सात वर्षांच्या मुलाला कामावर जाण्याची मुभा ठेवली आणि प्रौढ मजुराच्या तासांना हातही लावला नाही.

ज्याला कोणत्याही कायदेमंडळात खुर्ची नव्हती, अशा एका माणसाने ही उणीव हेरली. ठाण्यास १८४८ मध्ये जन्मलेले, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर राहिलेले आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांना गिरणी आतून ठाऊक होती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत साच्यावर उभा राहणारा मजूर सुट्टीच्या दिवशीही यंत्रे पुसावयास बोलावला जाई, आणि पगार हाती पडण्यास पुढचा महिनाही सरत येई. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सभा भरवून लोखंड्यांनी फॅक्टरी कमिशनकडे सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज धाडला. त्यातील मागण्या पाहाव्यात: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पंधरा तारखेच्या आत पगार, कामावर जखमी झालेल्यास निर्वाह. क्रांतीची भाषा त्यात कोठेही नाही, आणि माझ्या मते त्या अर्जाचे बळ नेमके तेथेच आहे. इतक्या साध्या गोष्टी नाकारताना मालकांनाच संकोच वाटावा.

तरी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि १० जून रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या सरकारी चौकशीत लोखंडे सहसभासद होते. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम अकरा तासांवर, मुलांचे सातांवर आणले. पुरुषांच्या तासांना मर्यादा पडावयास आणखी वीस वर्षे लागली.

आणि आमचे औरंगाबाद? येथेही १८८९ साली सूतकताईची व विणकामाची गिरणी उभी राहिली होती, सातशे माणसे तीत राबत होती. पण मुलूख निजामाचा, म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा सरहद्दीपलीकडेच थांबला. १९०० साली गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू होताच सरकी काढण्याचे कारखानेही निघाले, तेही याच अंमलाखाली. लोखंडे तोवर राहिले नव्हते. मुंबईच्या प्लेगात रोग्यांसाठी झटताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच साथीने त्यांना नेले होते.