काळवंडलेल्या तसबिरीला बोलते करा

चिंचणी-तारापूरच्या बाजूला जुन्या घरांतून फिरले की एक गोष्ट हमखास दिसते. ओटीवरच्या भिंतीवर, जरा पुढे झुकवून टांगलेली एखादी जुनी तसबीर. फेटा बांधलेले आजोबा, नाही तर नऊवारीतली पणजी. समुद्राचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि चुलीचा धूर यांनी चेहरा काळा पडलेला असतो. कोपऱ्यात बुरशी, चौकटीला वाळवी, मध्येच रंगाचे पोपडे उडालेले. चित्र कुणाचे, ते एखाद्या म्हातारीला सांगता येते. पण ते कोणी काढले, कधी काढले, कशासाठी काढले, हे विचारावे तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

अशा तसबिरीच्या नशिबी सहसा दोनच गोष्टी येतात. घराला नवा रंग दिला की ती माळ्यावर जाते आणि तिथून एक दिवस भंगारात. किंवा घरातला कुणी हौशी मुलगा ती पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडे नेतो आणि म्हणतो, "जरा नवी करून द्या." पेंटर बिचारा सांगितले तसे करतो. गाल गुलाबी होतात, मिशा काळ्याभोर होतात, मागे निळे आभाळ येते. तसबीर चकचकीत होते खरी, पण तिच्यातले आजोबा निघून गेलेले असतात.

वाचकहो, या दोन्हींच्या मधली एक तिसरी वाट आहे. ती खर्चाची कमी आणि धीराची जास्त आहे. ती समजून घ्यायची तर आपल्याच महाराष्ट्रातल्या, आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याच्या एका ठिकाणाकडे पाहावे लागेल. ते ठिकाण म्हणजे अजिंठा.

प्रेम करणाऱ्यांनीच केलेली इजा

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास पलटणीचा एक इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथल्या रंगवलेल्या खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. तथागतांच्या धम्माची शेकडो वर्षे जपलेली चित्रे जगापुढे आली, ती अशी पहिल्याच दिवशी ओरखडा घेऊन.

पुढे आलेले लोक मात्र या चित्रांवर प्रेम करणारे होते. रॉबर्ट गिल याने १८४० च्या दशकापासून अनेक वर्षे तिथे राहून कॅनव्हासवर मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला काम करीत होते. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. हेच पेस्तनजी पुढे मुंबईतले नामांकित व्यक्तिचित्रकार म्हणून ओळखले गेले. या मुलांनी केलेल्या नकलाही लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. तिथेही १८८५ साली आग लागली आणि शंभरावर चित्रे नष्ट झाली. वाचलेली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

जळाल्या त्या नकला. पण मूळ चित्रांचे काय झाले? नक्कल करताना रंग नीट दिसावेत म्हणून भिंतीवरच्या चित्रांना व्हार्निश लावले गेले. तेव्हा रंग उजळले आणि सर्वांना बरे वाटले. काही वर्षांत तेच व्हार्निश पिवळे, मग तपकिरी झाले आणि त्यावर धूळ आणि धूर बसला. १९२० ते १९२२ च्या सुमारास हैदराबादच्या निजाम सरकारने लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला घट्ट बसवला, हे त्यांचे मोठे काम. त्याशिवाय कित्येक चित्रे आज उरलीच नसती. पण त्यांनीही वरून लाखेचा थर दिला आणि तोही पुढे काळा पडला.

म्हणजे पाहा, शत्रूने काही केले नव्हते. जे केले ते चित्र "बरे दिसावे" म्हणून केले. आपल्या घरातल्या तसबिरीवर खोबरेल तेलाचा बोळा फिरवणाऱ्या मावशीचा हेतू काय वेगळा असतो?

डागडुजी म्हणजे रंगवणे नव्हे

स्वातंत्र्यानंतर अजिंठा भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आला. खात्याच्या रसायनशाखेचे काम मुख्यतः उलट्या दिशेचे राहिले आहे. आधीच्या लोकांनी चढवलेले थर बोटभर बोटभर जागा घेऊन उतरवायचे. १९९९ नंतर नवव्या आणि दहाव्या लेण्यांत असे काम झाले, तेव्हा काजळीसारख्या काळ्या थराखालून इसवी सनापूर्वीच्या काळातली माणसे पुन्हा दिसू लागली. जिथे गिलावा गेलाच आहे, तिथे नवीन चेहरा काढलेला नाही. मोकळी जागा मोकळीच ठेवली आहे.

यासाठी आधी चित्र कशाचे बनले आहे ते कळावे लागते. अजिंठ्याच्या भिंतीवर माती, भाताचे तूस आणि गवताचे तंतू कालवून गिलावा दिला आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरूचा तांबडा, पिवळी माती, काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा, हिरवी माती आणि अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा निळा. अशा चित्रावर ओले फडके फिरवले तर रंग फडक्याला येईल. तेल लावले तर मातीत मुरेल आणि कधी निघणार नाही.

जाणकार डागडुजी करणारे जगभर तीन नियम पाळतात. जे उरले आहे ते आधी टिकवा. जे कराल ते पुढच्या माणसाला काढता येईल असेच करा. आणि जे केले ते लिहून ठेवा.

चित्र कुणाचे? शोध घेणारे चुकतात तेव्हा

चित्र टिकवणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम त्याचे मूळ शोधण्याचे. इथेही अजिंठा आपल्याला शहाणे करतो.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका राजदरबाराचे चित्र आहे. टोकदार टोप्या घातलेले परदेशी पाहुणे राजापुढे नजराणा घेऊन आले आहेत. १८७९ साली जेम्स फर्ग्युसन यांनी ठरवले, की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी असून इराणच्या खुश्रू बादशहाचे वकील त्याच्याकडे आले आहेत. म्हणजे हे सातव्या शतकातले व्यक्तिचित्रच! ही गोष्ट इतकी आकर्षक होती की ती कित्येक वर्षे पुस्तकांतून छापली गेली.

पण लेण्यांतले शिलालेख वेगळेच सांगत होते. १८६३ साली डॉ. भाऊ दाजी लाड अजिंठ्याला गेले आणि तिथले लेख त्यांनी वाचून काढले. सोळाव्या लेण्यातला लेख वाकाटक राजा हरिषेण याच्या वराहदेव नावाच्या प्रधानाचा आहे. पुढे अमेरिकन संशोधक वॉल्टर स्पिंक यांनी अनेक दशके एकेक छिन्नीचा घाव तपासून मांडले, की महायान काळातली ही लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, हरिषेणाच्या सुमारास कोरली गेली. पुलकेशी त्यानंतर दीडशे वर्षांनी आला. तेव्हा ते चित्र त्याचे असणे शक्य नाही. ते एखाद्या बौद्ध कथेतल्या राजाच्या दरबाराचे असावे, असे अभ्यासक आज मानतात.

यातून काय घ्यायचे? तोंडावळा आणि पोशाख पाहून नाव ठेवू नये. लेख पाहावा, जागा पाहावी, काळ जुळवावा. आणि आणखी एक गोष्ट आमच्या मनाला लागते. अजिंठ्यात दान देणाऱ्यांची नावे आहेत. दहाव्या लेण्याचे दर्शनी मुख देणारा वासिष्ठीपुत्र कटहादी आहे, सव्विसाव्या लेण्यातला भिक्खू बुद्धभद्र आहे. पण ज्यांनी हातात कुंचला धरून पद्मपाणीचे डोळे रंगवले, त्यांचे नाव कुठेही नाही. कष्ट करणाऱ्याचे नाव इतिहासातून गळते, ही आपल्याला परिचयाचीच गोष्ट आहे.

चिंचणीच्या मातीतली साक्ष

जुन्या वस्तूचा लेख नीट वाचला तर काय मिळते, याचा दाखला आमच्या चिंचणीतच आहे. इथल्या जमिनीत सापडलेले ताम्रपट दिनेशचंद्र सरकार यांनी वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यातून कळले, की संजाणच्या मंडळावर मधुमती उर्फ सुगतिप नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. त्याने नदीवर फुकट होड्या ठेवल्या आणि वाटसरूंसाठी भात, कालवण व तुपाचे अन्नछत्र घातले. हे पत्रे कुणी तांब्याच्या भावाने मोडीत घातले असते, तर या किनाऱ्याचे हे पान कायमचे गेले असते.

घरातल्या तसबिरीचे काय करावे?

आपली तसबीर म्हणजे अजिंठा नव्हे, हे खरे. पण नियम तेच लागू पडतात. आमच्या भगिनींनी आणि तरुणांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

तसबीर ओल्या भिंतीवर, चुलीजवळ किंवा उन्हाच्या तिरपेत टांगू नये. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळेल. काच चित्राला चिकटू देऊ नये. मेणबत्ती आणि उदबत्ती थोडी दूर ठेवावी.

चित्र काळे पडले असेल तर पाणी, साबण, रॉकेल, लिंबू, बटाटा, तेल यांपैकी काहीही लावू नये. रंग घट्ट असेल तर मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी, इतकेच. पोपडे सुटत असतील तर तेही करू नये. तसबीर उताणी ठेवावी आणि पडलेले तुकडे कागदाच्या पाकिटात जपून ठेवावेत. तज्ज्ञाला ते परत बसवता येतात.

चित्र फारच मोलाचे असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचा विभाग आहे, तिथे सल्ला विचारावा. काम कुणाकडेही द्या, पण आधी विचारा: काय करणार? रंग फक्त गेलेल्या जागीच भरणार ना? तो पुढे काढता येईल ना? आधीचा आणि नंतरचा फोटो देणार ना? याची उत्तरे जो देत नाही, त्याच्या हाती आपले आजोबा देऊ नका. नागपूरजवळ चिचोळीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातले कपडे आणि वस्तू आहेत. त्यांवरही लखनौच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांनी शास्त्रीय प्रक्रिया केली. त्यांचा हेतू त्या वस्तू नव्या दिसाव्यात हा नव्हता, त्या टिकाव्यात हा होता.

पाठ फिरवून पाहा

तसबिरीचा इतिहास बहुधा तिच्या पाठीवर असतो. चौकट हळूच उलटी करून पाहा. चौकटवाल्याची चिठ्ठी, फोटो स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला आकडा सापडतो. पाठीला जुने वर्तमानपत्र चिकटवलेले असेल तर ते फाडून टाकू नका. त्यावरच्या तारखेच्या आधी ती चौकट बसलेली नाही, एवढे तरी नक्की होते. भिंगातून चेहरा पाहा. जुन्या काळी फोटो मोठा करून त्यावर रंग देण्याची चाल होती. रंगाखाली फोटोचा कागद दिसला, तर मूळ छोटा फोटो नातलगांकडे कुठे तरी असू शकेल.

आजोबा लष्करी पोशाखात असतील तर टोपीवरचा बिल्ला आणि छातीवरच्या पदकाच्या फितीचे रंग टिपून घ्या. १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला सुरू झाली आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. तो स्तंभ चित्रात दिसला तर काळ आपोआप ठरतो. पहिल्या महायुद्धाचे पदक घरात असेल तर त्याची कड पाहा. तिच्यावर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते.

आणि शेवटी, सर्वांत मोठा दस्तऐवज म्हणजे घरातली म्हातारी माणसे. तसबीर त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा. हे कोण? कुठल्या गावचे? फेटा कुणाचा, स्वतःचा की स्टुडिओतला? पैसे कुणी दिले? चित्रकार कोण होता? ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि कोणी, कधी सांगितले तेही लिहा. नक्की आणि ऐकीव वेगळे ठेवा, नाही तर आपणही एखादा पुलकेशी निर्माण करून बसू.

आपल्या समाजाच्या वाड्यांना सनदा मिळाल्या नाहीत, बखरींत आपल्या वाडवडिलांची नावे आली नाहीत. ज्यांना शाळेच्या दारात उभे केले नाही, त्यांनी दोन पैसे गाठीला बांधून स्वतःचे चित्र काढून घेतले, ही साधी गोष्ट नव्हे. ती त्यांनी आपल्यासाठी लिहिलेली ओळ आहे. ती पुसू नका आणि तिच्यावर दुसरी ओळही लिहू नका. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी तसबीर खाली काढा, पाठपोट फोटो घ्या, आणि एका कोऱ्या कागदावर नाव, गाव, नाते लिहून तो कागद पाकिटात घालून चौकटीच्या मागे ठेवा. एवढे केले, तरी आपल्या नातवंडांना त्या चेहऱ्याचे नाव सांगता येईल.